पेन्शनच्या दिवसाची जागा

बँकेच्या शाखा मेनफ्रेमला, म्हणजे मुख्यालयातल्या मोठ्या संगणकाला, जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला किती मेमरी लागेल, याचा अंदाज काढायला बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आठवडाभर आमच्या खराडीच्या ऑफिसात येत होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझा आकडा पाहिला. मी रोजच्या गर्दीची सरासरी धरली होती.

"आपल्या आई पेन्शन घेतात?"

"हो. एक तारखेला, बिबवेवाडीच्या शाखेत."

"त्या दिवशी सगळीकडे रांगा असतात. मेमरी पुरली नाही, की काउंटर बंद पडतात. आईंना सरासरी सांगणार का आपण?"

मी आकडा वाढवला. त्या आठवड्यानंतर ते पुन्हा कधी भेटले नाहीत.

यंदा आई गेली. परवा साहेब म्हणाले, "एवढी मेमरी कशाला? कमी करा."

"राहू द्या," मी म्हटलं. "एक तारखेला लागते."