पाणी चाखणारी सोनाबाई

नागावात कुणी घर बांधायला काढलं की नारळापेक्षा सल्लेच जास्त पडतात. वाटेने जाणारा माणूस गाडी थांबवून कॉलमची जागा सांगतो. किराणावाला साखर तोलता तोलता सिमेंटचं प्रमाण सांगतो. ज्याने जन्मात कोंबड्यांचं खुराडं बांधलेलं नाही, तो जिना कुठून काढावा यावर तासभर बोलतो. एवढ्या जाणकारांत सोनाबाईला कोण विचारणार? ती बांधकामावर नुसतं पाणी मारायची.

तीस वर्षं तिने तेच केलं. तिची एक खोड मात्र सगळ्या ठेकेदारांना डाचायची. काम सुरू होण्याआधी ती ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकून टाकायची. समुद्राकाठच्या विहिरी मे महिन्यात खारावतात. ते पाणी काँक्रीटमध्ये गेलं की आतलं लोखंड गंजतं, फुगतं आणि स्लॅब खालून फुटायला लागतो. हे तिला कुठल्या इंजिनीअरने शिकवलं नव्हतं. ज्या घरांना तिने पाणी मारलं, त्यांतल्या काहींचा राडारोडाही पुढे तिनेच घमेल्यातून वाहिला होता.

नवरा येसाजी गेल्यावर तिला मागे कोणी नव्हतं. एक कौलारू घर आणि पुढचं मोकळं अंगण, एवढंच तिचं. पुतण्या गणराजने त्या अंगणात होमस्टे बांधायचं ठरवलं. बोलणं असं झालं की होमस्टेतली मागची एक पक्की खोली कायमची काकीला, आणि जुनं घर पाडून तिथे पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या. सोनाबाई हरखली होती. म्हातारपणी पावसात कौलं परतायची कटकट जाणार होती.

मे महिन्यात स्लॅबचा दिवस उजाडला. मिक्सर आला, पंचवीस माणसं आली, नारळ फुटला, मागे चुलीवर कोंबडीचं जेवण चढलं. आला नाही तो गोड्या पाण्याचा टँकर. तो कुणाच्या तरी लग्नघरी गेला होता. ठेकेदार मोरूने दारच्या विहिरीवर पंप लावायला सांगितला. सोनाबाईने पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं.

"खारट हाय. उद्यावर टाका काम."

"काकी, स्लॅब काय पाणी पितो होय?" गणराज हसला.

"पितो. पंधरा दिस पाजावं लागतं त्याला. मी कशाला ऱ्हायले मग हितं तीस वर्सं?"

महिन्यातून एकदा मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरणाऱ्या इंजिनीअरला गणराजने फोन लावला. थोडंफार चालतं, असं इंजिनीअर मुंबईतून म्हणाला. मोरूने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला; त्यात एक माणूस कसलीशी पावडर टाकून सगळं पाणी सारखंच असल्याचं सांगत होता. बघायला जमलेल्या चौघांनी पाच मतं दिली. पाणी कुणीच चाखलं नाही.

सोनाबाई उठली आणि तिने सगळ्यांसाठी चहा केला. पहिल्याच घोटाला मोरूने तोंड वाकडं करून चहा ओतून दिला. गणराजही थुंकला.

"त्याच पाण्याचा हाय," सोनाबाई म्हणाली.

मग निर्णय झाला. चहासाठी दुकानातून बाटलीचं पाणी आणलं आणि स्लॅब विहिरीच्याच पाण्याने ओतला. चहाचा प्रश्न मात्र सुटला.

"मग माझं घर पाडायचं न्हाय," एवढंच सोनाबाई बोलली. काकीला सुख टोचतं, असं गणराज गावभर सांगत सुटला. तरी पंधरा दिवस तिने त्या स्लॅबवर आळी करून पाणी भरलं, तेही लांबच्या गोड्या विहिरीचं, हंड्याने. स्लॅबवर राग काढून काय मिळणार होतं!

पाचव्या पावसाळ्यानंतर मागच्या खोलीतला गिलावा पडला. मग दोन नंबरच्या खोलीतला. पुन्हा सल्लागार जमले. गणराजने पाहुण्यांच्या खोल्यांना आतून नक्षीचं छत मारलं आणि गळायला लागलेल्या स्लॅबवर पत्रे टाकले. मागच्या खोलीवर कशाला खर्च करायचा, तिथे कोण राहतंय?

नाताळात आलेल्या एका जोडप्याने सोनाबाईचं घर पाहिलं. सारवलेली जमीन, कौलांतून येणारा उजेड, गार भिंती. आम्हाला हेच हवं, असं ते म्हणाले, आणि दुप्पट भाडं कबूल केलं. गणराजचा चेहरा खुलला.

"काकी, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तू मागच्या खोलीत जा. नाहीतरी तुझ्याच नावाची खोली ती. पक्की."

सोनाबाईला फार लागलं ते. जे घर पाडायला निघाला होता, त्यातूनच आता तिला उठवत होता. पण ती भांडली नाही. गोधडी काखेत मारून ती मागच्या खोलीत गेली. गणराज उशी घेऊन मागोमाग आला, त्याची बायको शिवानी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

सोनाबाईने खोलीच्या मधोमध गोधडी पसरली आणि बाजूच्या जागेवर हात थोपटला.

"झोपते की मी. पन चारी दिस तू नि शिवानीपन हितंच अंथरूण टाका. माझ्या बाजूला."

शिवानी उंबऱ्यातच थांबली. गणराजने त्या खोलीत पहिल्यांदाच मान वर केली. गिलावा सुटून सळया उघड्या पडल्या होत्या, आणि हाताने ओढल्या तर पापुद्रे निघावेत इतक्या गंजल्या होत्या.

मग त्याने खाली वाकून काकीची गोधडी गोळा केली आणि कौलारू घराकडे चालू लागला.