इंजिन काढलेल्या गाडीतली पहिली फेरी

मंडळी, आमच्या ह्यांची ती दोन दारांची जुनी लाल स्पोर्ट्स कार आठवते ना? गेलं वर्षभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिचं इंजिन काढून हे मोटर आणि बॅटऱ्या बसवत होते. आज सकाळी ती पहिल्यांदा चालली. आरटीओची परवानगी यायची आहे, म्हणून फक्त कंपाउंडमध्ये.

मी शेजारी बसले. ह्यांनी चावी फिरवली. आवाजच नाही. शेजारचे मेहताभाई ओरडले, "जोशीजी, चालू भी हुई क्या?" तोवर गाडी निघालीसुद्धा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण ह्यांचा चेहरा उतरलेला. "तिचा आवाजच गेला गं. मी मारलं की काय तिला?"

"नाटकं पुरेत. समोर कुंड्या आहेत, तिकडे बघा."

दुसऱ्या फेरीत ह्यांनी एकदम ब्रेक दाबला. "तू गुणगुणत होतीस?"

पकडले गेले. लग्न झाल्यापासून या गाडीत बसलं की मी गुणगुणते. त्या गडगडाटात कोणाला ऐकू जाणार? घरात मी कधीच गात नाही, मला सूर नाही.

"इतकी वर्षं?"

"हो. चला आता."

"आधी परत म्हण."

मागे कुणाला तरी सोडायला आत आलेला रिक्षावाला हॉर्न वाजवतोय आणि हे ढिम्म. शेवटी एक कडवं म्हटलं, बेसूरच. मगच गाडी हलली. त्यानंतर तीन फेऱ्या झाल्या, इंजिनाच्या आवाजाबद्दल अक्षर नाही.

आता तुम्ही सांगा, कोणाला ऐकू जाणार नाही अशा कुठल्या जागी तुम्ही गाता? खरं सांगायचं.