पदरातली कनकी

सालेकसा स्टेशनवर मी तिकीटबाबू होतो, तेव्हा बाजाराच्या दिवशी एक बाई कोंबडीची पिल्लं टोपलीत घेऊन गाडीची वाट बघत बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. मालगाडीच्या इंजिनवाल्याकडून टमरेलभर गरम पाणी मागून ती पिल्लांच्या बुडाला चिकटलेली शीट चिंधीने भिजवून सोडवायची आणि तिथे मोहाचं तेल लावायची. फुंकर घालून पिसं वाळवायची. तरी एखादं पिल्लू मान टाकायचंच.

एकदा तिने पदराची गाठ सोडून त्यांना तांदळाची कनकी, म्हणजे कण्या, टाकली. मी चिडलोच.

"बाई, कालपरवा अंड्यातून निघालेली पिल्लं ही. कोरडी कनकी कशी पचेल? यानंच शीट कोंडते त्यांची, अन् मरतात."

"मले ठाऊक हाय, बाबू," ती म्हणाली. "माही सासूबी हेच सांगे. पण दुकाळात माही पोरगी तोंड उघडून माह्याकडे पाहून राहे, अन् माह्या हातात काहीच नव्हतं. आता चोच उघडलेली दिसली का हात आयकत नाही."

तेवढ्यात गाडी आली. तिने टोपली उचलली, आत चिवचिव झाली, आणि तिचा हात पुन्हा पदराच्या गाठीकडे गेला.