चिखलातला काटकोन

ऐंशीच्या दशकात बदलापूरला आमच्या बेलवलीत कुणाकडे रंगीत टीव्ही आला की लोक तो बघायला जायचे. माझ्याकडे लोक घोटा बघायला यायचे. अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत मी कारकून होते. रोजची रिक्षा एका वळणावर कलंडली आणि माझा उजवा पाय तिच्याखाली आला. मोडलेलं हाड जुळलं, पण घोटा आतून झिजत गेला, आणि काही वर्षांनी मुंबईच्या डॉक्टरांनी तो काढून तिथं धातूचा आणि प्लॅस्टिकचा नवा सांधा बसवला. असलं काही आमच्याकडे कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. शेजारणी चहा पिता पिता विचारायच्या, "तेल घालावं लागतं का हो?" मीही तोऱ्यात सांगायचे, "छे, फॉरेनचा आहे."

तोरा फार टिकला नाही. सांधा आतल्या आत हलायला लागला. आधी नुसतं दुखायचं, मग जिना उतरताना 'कट' असा आवाज यायला लागला. नवरा म्हणायचा, "बरं आहे, तू आलीस की आधीच कळतं." मी त्याला लाटणं दाखवायचे. पुढं पाय टेकवेना, तेव्हा त्याची थट्टाही थांबली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, "हा सांधा काढायचा आणि वरचं हाड खालच्या हाडाला स्क्रूनं जोडून टाकायचं. घोटा पुन्हा वाकणार नाही, पण दुखणारही नाही." मग विचारलं, "चप्पल कुठली घालता? ज्या कोनात जोडू त्याच कोनात पाय जन्मभर राहणार. उंच टाचेची सवय असेल तर आत्ताच सांगा."

माझी उंची बेताची आणि उल्हासनगरच्या उंच टाचांवर माझा फार जीव. नवऱ्यानं माझ्या वतीनं उत्तर दिलं, "हिचं टाचेशिवाय पानही हलत नाही."

"अनवाणी," मी म्हणाले. "भाताच्या शेतात टाचा घालून कोण उतरतं?"

"शेत विसरा," डॉक्टर म्हणाले. "सपाट जमिनीवर नीट चाललात तरी खूप झालं. काटकोनात जोडू."

विसरा म्हणे! माझं माहेर वांगणीचं. भाताच्या लावणीला आम्ही लेकी सासरहून यायचो, कुणी बोलवायची वाट न बघता. आई, मी, वहिनी, अशी आमची ओळ ठरलेली. पाय बिघडला तशी मी बांधावर गेले. छत्री धरून बसायचं आणि रोपांच्या मुठी फेकायच्या. वहिनी चहा आणायची तो पहिला मला, आणि तोही कपबशीत. बाकीच्या बायकांना चिखलाच्या हातांनी धरायला स्टीलचे पेले. माझी मायेनं केलेली ती सरबराई मला काट्यासारखी टोचायची. सासरी सून व्हावं, शेजारी पाहुणी व्हावं. माहेरी पाहुणी व्हायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

घोटा जोडला. महिनोन् महिने प्लॅस्टर मिरवलं. ते निघालं तेव्हा दुखणं गेलं होतं आणि पाय थोडा आखूड झाला होता. एका चपलेचा तळ जाड करून घ्यायला उल्हासनगरला माझ्या नेहमीच्या सिंधी दुकानदाराकडे गेले. त्यानं सगळी कहाणी ऐकली, चप्पल उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "भाभी, इतनी दूर काहे को गये? सांधा पण आपल्याकडूनच घ्यायचा ना! गॅरंटी नाय, पण बदलके तो देता." हसून हसून माझी कुबडी पडली.

पुढच्या लावणीला मी वांगणीला गेले, साडी खोचली आणि शेतात उतरले.

"पोरी, बांधावं बस गो!" आई ओरडली.

पहिलं पाऊल झोकात पडलं. दुसरं टाकायला गेले तर उजवा पाय येईना. चिखलातून पाऊल काढताना आपण बोटं खाली करून ते हळूच ओढून घेतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. धड घोट्याला ते सांगावं लागत नाही. माझं पाऊल काटकोनात नांगरासारखं अडकलेलं. दोन्ही हातांनी गुडघा धरून ओढलं आणि मी मागच्या मागं चिखलात बसले. बायका खो खो हसल्या. आई आणि वहिनीनं काखेत धरून मला बांधाकडे तोंड करून उभी केली.

"झाली हौस? चल वर," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"नाय येत."

रागच आला होता मला, डॉक्टरांचा, घोट्याचा, छत्रीचा. रुतले होते तिथंच वाकले आणि हाताला पोचेल तेवढ्यात रोपं खोचत सुटले. समोरची जागा भरली तशी जुन्या सवयीनं एक पाऊल मागं सरकले. सरकले की! वाकलेलीच होते, गुडघाही वाकला होता, त्यामुळं टाच आधी वर आली आणि तिच्यामागून अख्खं पाऊल आपसूक निघालं. पुन्हा मागं सरकून बघितलं. पुन्हा निघालं. पुढं जायचं म्हटलं की अडायचं, मागं मात्र लोण्यातून सुरी निघावी तसं. आणि लावणी तर मागं मागं सरकतच करतात! मी एकटीच हसायला लागले. वहिनीला वाटलं, मी रडतेय.

पलीकडच्या बांधाला टाच आपटली तेव्हा कळलं, ओळ संपली. आईनं कमरेवर हात ठेवून ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"वाकडी हाय," ती म्हणाली. "नजर कुठं व्हती?"

मी जन्मात इतकी खूश झाले नव्हते. बांधावर बसणाऱ्या लेकीला आई असं कधी बोलली नसती.

मग चहा आला. वहिनी एकेकीला पेला देत माझ्यापर्यंत पोचली तेव्हा किटलीत तळाचा गाळच उरला होता. तो तिनं एका पेल्यात ओतला आणि माझ्या चिखलाच्या हातात दिला.

"आटपा वन्सं, खालचं शेत अजून बाकी हाय."

कपबशी तिच्या पिशवीत होती. तिनं ती बाहेर काढलीच नाही.