एक मण तण

नाटक कंपनी सोलापुरात उतरली की आमच्या शुक्रवार पेठेतल्या तरण्या पोरांचे पाय जमिनीवर ठरत नसत. पडद्यांच्या गुंडाळ्या, पेटारे, लाकडी सिंहासन, सगळं बैलगाड्यांवर लादून स्टेशनावरून निघायचं आणि आम्ही मागोमाग. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. वडिलांच्या बांगड्यांच्या दुकानात बसायचो, आणि गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता मनातल्या मनात दरबारात बोलायचो.

माझा एक मित्र होता. मूळचा माढ्याकडचा, इथल्या गिरणीत मागावर कामाला. गणपतीच्या मेळ्यात आम्ही दोघं संवाद म्हणायचो. मागांच्या खडखडाटात हाका मारून मारून त्याचा आवाज असा तयार झाला होता, की मंडपातल्या शेवटच्या माणसालाही कान टवकारावे लागत नसत. मी बोलायचो बरा. तो बोलायला लागला की माणसं तोंडातलं पान चघळायची थांबायची. हा फरक मला तेव्हाही पक्का ठाऊक होता.

त्या साली कंपनीत एका नटाची जागा रिकामी झाली. मेळ्यात आम्हाला पाहिलेल्या तालीममास्तरांनी दोघांना बिऱ्हाडावर बोलावून घेतलं.

"नट व्हायचंय? मग ऐका. पहिलं वर्ष भालदार. हातात काठी, तोंड बंद. नुसतं उभं राहायला वर्ष लागतं, उगाच हसू नका. दुसऱ्या वर्षी दूत, एक वाक्य. ते वाक्य प्रेक्षकांनी मुकाट्यानं ऐकलं तर तिसऱ्या वर्षी सेनापती. जेवायला पंगतीच्या टोकाला बसायचं आणि भूमिकेबरोबर वर सरकायचं. जागा मात्र एकच आहे. परवा सकाळी या आणि हे म्हणून दाखवा."

त्यांनी दिलेलं वाक्य होतं, 'महाराज, तन, मन, धन आपल्या चरणी वाहिले आहे.'

येताना आम्ही जवळजवळ पळतच आलो. मित्र मध्येच थांबून माझे खांदे हलवायचा. "आरं, दूत! सेनापती! आन् पंगतीत वर सरकायचं म्हंतोय मास्तर!" मग एकदम गंभीर झाला. "पर माझी भाषा लई गावठी हाय. तू साळा शिकलायस. मला शुद्ध शिकीव की."

मी शिकवलं, आणि सुरुवात मनापासूनच केली होती. "'पानी' नाही, 'पाणी'. 'कोन' नाही, 'कोण'. जिभेचं टोक वर टाळ्याला लाव." तो कामाला जाता-येता घोकत राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ्याच्या काठी त्यानं छाती भरून घेतली आणि म्हणाला, "महाराज, तण, मण, धण आपल्या चरणी वाहिले आहे."

आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला. अंगावर काटा आला माझ्या. शुद्ध बोलायचं म्हणजे 'न' दिसला की त्याचा 'ण' करायचा, अशी त्याची समजूत झाली होती. जन्मभर जे शब्द बरोबर म्हणत आला होता, तेच माझ्या शिकवणीनं बिघडले होते.

"बराबर हाय की?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "झकास."

एवढाच एक शब्द. हा शब्द मी पुढे अठरा-एकोणीस वर्षं कुणाला सांगितला नाही. बायकोलाही नाही.

परीक्षेला अख्खी कंपनी गोळा झाली होती. मित्र उभा राहिला, बोलला, आणि क्षणभर सगळे खरोखरच स्तब्ध झाले. मग पेटीवाला फुसकन हसला. मास्तर म्हणाले, "अरे बाबा, महाराजांच्या पायावर मणभर तण ओतलंस! आता खुरपायला बायका कुठून आणू?" मग हसणं आवरेना कुणाला. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या सदऱ्याचं बटण लावत होतो, लावलेलंच.

जागा मला मिळाली.

आणि खरं सांगायचं तर ती वर्षं मी आनंदानं उधळलेला होतो. पहिल्या रात्री भालदाराची काठी धरून विंगेत उभा होतो तेव्हा हसू दाबता येत नव्हतं. दूत झालो. सेनापती झालो. पंगतीत मधोमध आलो. फक्त 'मन' हा शब्द आला की जीभ अडखळायची. मास्तर म्हणायचे, "तिथं छान थांबतोस रे तू."

पुढे बोलपट आले, कंपनी मोडली, मी सोलापुरात परतलो. आता बोलपटात जाऊ पाहणारी मंडळी माझ्याकडे बोलणं शिकायला येतात. गेल्या महिन्यात दारात तोच मित्र उभा. डोक्याला फेटा, मागं सोळा वर्षांची लेक.

"हिला नटी व्हायचंय. मी बोललो, आपला मास्तर हाय की. म्हण गं."

पोरगी म्हणाली, "तन, मन, धन आपल्या चरणी वाहिले आहे." बापाचाच आवाज! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"घरीच शिकीवलंय," तो हरखून म्हणाला. "औंदा चूक न्हाय केली. बराबर हाय की?"

तोच प्रश्न. मी म्हणालो, "बस. आधी एक ऐक. तळ्यावर तू चुकलास ते मला तेव्हाच कळलं होतं. मी मुद्दाम झकास म्हणालो."

तो बसला नाही. फेट्याचा शेमला बोटाला गुंडाळत, सोडत राहिला. "मला वाटलं, तुलाबी ठावं नसंल," तो म्हणाला. "लोकं हसली तवा तुझीच कीव आली मला. म्हटलं, आता ह्याचीबी फजिती व्हनार."

मी माझीच खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"मंग पोरगी बोलली ते बराबर, का न्हाय?"

"बरोबर आहे. शपथ."

"ऱ्हाऊ दे तुझी शप्पत. मी दुसऱ्या कुनाला तरी इचारून घेतो." लेकीला घेऊन तो पायऱ्या उतरला.

दोन दिवस मी दाराकडे कान लावून होतो. तिसऱ्या सकाळी पोरगी एकटीच आली, दम लागलेला.

"बा साळंतल्या तीन गुरुजींना इचारून आला," ती म्हणाली. "तिघंबी म्हनाले, बराबर हाय. तवा बा बोलला, आता जा त्याच्याकडं. पर त्यानं शिकीवलेला हरेक शबुद मला येऊन सांगायचा."

"सांग की, रोज सांग," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की आतून बायको बाहेर आली. "ये, उभी राहा इथं. आधी पाय. नुसतं उभं राहायला शिकूया."