एकुलत्या एका डोळ्याचं ऑपरेशन

“काका, मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. ऑपरेशनशिवाय इलाज नाही,” नांदेडचे डॉक्टर म्हणाले आणि मी उठून थेट दाराकडे निघालो. दार समजून मी जे ढकलत होतो ते त्यांचं औषधांचं कपाट होतं.

त्यांनी मला दंडाला धरून परत बसवलं. “डावा डोळा कसा गेला?”

लोकांना मी सांगतो, वाघाने पंजा मारला. अर्धापूरच्या केळीच्या बागेत वाघ कुठून आला, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. पण डॉक्टरांपुढे खरं सांगितलं. लहानपणी विटी लागली होती.

“म्हणजे तुम्ही वन-आयड पेशंट,” ते म्हणाले. वन-आयड म्हणजे ज्याचा एकच डोळा कामाचा आहे असा माणूस. दुसऱ्यांचं ऑपरेशन बिघडलं तर त्यांना एक डोळा शिल्लक राहतो. माझ्या गाडीला स्टेपनी नव्हती. मी ऑपरेशनची तारीख घेतली, मान डोलावली आणि त्या दिवशी गेलोच नाही.

जन्मभर मी केळीचा व्यापार केला. घड बघून सांगायचो, तोडायला किती दिवस आहेत. लोक म्हणायचे, मोतीबिंदू पिकू द्या, मगच काढतात. मला ते सोयीचं पडलं. केळी आम्ही झाडावर कधी पिकू देत नाही, कच्चीच तोडतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? पण स्वतःच्या डोळ्याच्या वेळी मी हे सोयीने विसरलो.

दिसणं कसं झालं होतं म्हणून सांगू. सगळ्या जगावर कुणी ताक ओतलं होतं. एकदा लिंबाच्या खोडाला पाव्हणा समजून मी रामराम घातला आणि त्याच्या पोराबाळांची चौकशी केली. चहा घ्या म्हणालो, तरी तो बोलेना, तेव्हा त्याच्या मग्रुरीचा राग येऊन घरी आलो.

हसू नका. आतून मी पार खचलो होतो. नातीला जवळ ओढून तिचं तोंड बघत बसायचो, कारण मला वाटायचं की पुढच्या महिन्यात हे दिसणार नाही. ती म्हणायची, “आजोबा, तुमच्या तोंडाला तंबाखूचा वास येऊन राहिला.” मी आणखी जवळ जायचो. नाकावरचा तीळ तेवढा पाठ झाला, बाकी काही हाती लागेना.

मग मी आंधळेपणाची प्रॅक्टिस सुरू केली. बायको शांता शेजारी गेली की डोळ्यावर उपरणं बांधायचं आणि घरात चाचपडत फिरायचं. एके दिवशी माठावर जाऊन आदळलो. घरभर गोदावरीचा पूर आला आणि नेमकी शांता दारात उभी.

“काय करून राहिले तुम्ही?”

“सवय करून ठेवतो. उद्या डोळा गेला तर तुला त्रास नको.”

ती पाण्यातच खाली बसली.  म्हणाली, “आंधळं व्हायची एवढी तयारी करता. बरं व्हायची कधी करणार?”

मी लगेच थाप मारली. नांदेडच्या डॉक्टरांचा हात थरथरतो, आपण लातूरला दाखवू, असं म्हणालो. बिचाऱ्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता. मला फक्त आणखी थोडे दिवस ढकलायचे होते. लातूरला आमची मुलगी सुनीता असते. माझा बेत असा की तिथे पाहुणचार घ्यायचा आणि डॉक्टर बाहेरगावी आहेत म्हणून परतायचं. सुनीता माझीच मुलगी. तिने आम्ही पोचायच्या आधी नंबर लावून ठेवला होता.

लातूरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मोतीबिंदू इतका दाट की आतलं काहीच दिसेना, म्हणून त्यांनी बी-स्कॅन केला. बी-स्कॅन म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. त्यात डोळ्यामागचा पडदा शाबूत आहे की नाही ते कळतं. पडदा चांगला निघाला. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात त्यांनी डोळ्याचं प्रेशर तपासलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“काका, मोतीबिंदू फुगलाय. त्यामुळे डोळ्याचं प्रेशर वाढतंय. असंच राहिलं तर मागची नस मरेल. मग ऑपरेशन करूनही दिसणार नाही.”

“आणि ऑपरेशन बिघडलं तर?”

“धोका आहे. नाही असं मी म्हणणार नाही. पण थांबलात तर डोळा जाणार, हे नक्की.”

हाताखालची खुर्ची मी अशी आवळली की लोखंड वाकलं असेल. मला वाटलं होतं, एका बाजूला धोका आहे आणि दुसऱ्या बाजूला घर. आता दोन्हीकडे विहीरच होती.

प्रेशर उतरायला औषध दिलं आणि फेको करायचं ठरलं. फेको म्हणजे बारीक छेद घेऊन मशीनने मोतीबिंदूचा चुरा करायचा, तो ओढून घ्यायचा आणि तिथे नवीन भिंग बसवायचं. इंजेक्शन देणार नव्हते, नुसत्या थेंबांनी डोळा बधिर करणार होते. “पण मग तुम्ही हलायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही,” बाई म्हणाल्या. “बोललं की डोकं हलतं. तुमच्या केसमध्ये मला ते परवडणार नाही.”

सुनीता म्हणाली, “मॅडम, मग अवघड हाय. आमचे बाबा झोपेत बी बोलतात.”

म्हणजे माझ्या डोळ्याचा वैरी माझंच तोंड निघालं.

त्या दिवसापासून शांतेने माझी तालीम घेतली. सुनीताच्या दिवाणावर आडवं करायची, तोंडावर टॉवेल टाकायची आणि हात हातात घेऊन बसायची. खोकला आला तर फक्त हात दाबायचा. पहिल्या वेळी टॉवेल पडायच्या आत मी बोललो. दुसऱ्या वेळी पाऊसपाण्यावर बोललो, तिसऱ्या वेळी वाघावर. मग एकदा टॉवेलखालून वेगळंच काहीतरी निघालं.

“शांते, मला लई भीती वाटून राहिली.”

“मला बी,” ती म्हणाली. “आता तोंड बंद.”

एवढ्या वर्षांत आम्ही असं कधी बोललो नव्हतो.

ऑपरेशन टेबलावर तोंडावर हिरवं कापड पडलं. वर दिव्यांचे गोळे, कानाशी पाण्याचा आवाज आणि मशीनची शीळ. दुखत नव्हतं. पण मनात एकच घोळत होतं, की हा उजेड शेवटचा असेल. घशात शब्द असे गोळा झाले की बांध फुटायची वेळ आली. मी सिस्टरचा हात दाबला. बाई लगेच थांबल्या. “खोकला? घ्या, आता घ्या.” खोकलो. परत चालू झालं. घड्याळात बाराएक मिनिटं गेली. माझ्या आत केळीची एक अख्खी बाग लावून तोडून झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोळ्यावर पट्टी. आता खराखुरा अंधार होता. पाण्याचा ग्लाससुद्धा शांतेने ओठाला लावला. एवढी आंधळेपणाची प्रॅक्टिस केली होती, तिचा कणभर उपयोग झाला नाही. ती बाजूला सरकली की मी हात पसरून तिला शोधत होतो.

सकाळी पट्टी निघाली. बाईंनी बोटं धरली. “किती?”

“तीन.”

सुनीता नंतर म्हणाली, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा जेवढं आहे तेवढंच सांगितलं.

शांता पुढे आली. “मी दिसून राहिले का?”

दिसत होती. तिचं लुगडं मी दोन वर्षं पिवळं समजत होतो, ते पांढऱ्यावर निळ्या फुलांचं होतं. डोळे रडून सुजले होते. ते मला एवढ्या दिवसांत एकदाही दिसले नव्हते. “दिसून राहिली,” म्हणालो. मग तिचा हात दाबला.

आता आमच्या ओसरीवर एक बाज कायमची टाकलेली असते. ज्यांना ऑपरेशनची भीती वाटते ती माणसं येतात, थेट भोकरहूनसुद्धा. वाघाची गोष्ट मी त्यांना रंगवून सांगतो. ऑपरेशनची सांगताना मात्र घडलं तेवढंच सांगतो. धोका असतो, भीती वाटते, दुखत नाही, आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. मग त्यांना बाजेवर आडवं करतो, तोंडावर टॉवेल टाकतो. शांता शेजारी बसून त्यांचा हात हातात घेते.

बहुतेक जण टॉवेलखाली लगेच बोलायला लागतात. पहिलं वाक्य साधारण तेच असतं, भीतीचं. शांता ते पुरतं ऐकून घेते आणि मगच म्हणते, “आता तोंड बंद.”