गिरणीच्या वर डोळे तपासून मिळतील

"म्हणजे शेवटी चष्म्याचं दुकानच ना?" हा प्रश्न मिसबा अत्तारला जितक्या लोकांनी विचारला, तितक्यांनी तिचं नावसुद्धा विचारलं नसेल.

एकदा तिला बघायला कोंढव्याहून मंडळी आली होती. मुलाची आई चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "बरंच झालं. आमच्याकडे सगळ्यांनाच चष्मे आहेत, घरातल्या घरात होऊन जाईल." मिसबाने बाईंच्या चष्म्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या चष्म्यातला वाचायचा भाग फार वर बसवलाय. मी तुम्हाला आत्ता धूसरच दिसत असणार. आधी तो बदलून घ्या, मग ठरवा पसंत आहे का ते."

मंडळी गेली ती गेलीच. तिची आई अमिनाबी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. वडील रज्जाक स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसून आले.

मी तिची वर्गमैत्रीण. लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजात आम्ही ऑप्टोमेट्री शिकलो. नंबर काढायचा, दोन्ही डोळे एकमेकांशी जुळवून घेतात का ते पाहायचं, रोगाची शंका आली तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं, हे आमचं शिक्षण. वर्गातले निम्मे लोक दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून आले होते. मीही त्यातलीच. मिसबाला मात्र हेच हवं होतं, आणि तेही स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली. आम्हाला ती जरा चमत्कारिक वाटायची. तिला आम्ही काय वाटायचो, ते तिने पहिल्याच महिन्यात तोंडावर सांगितलं होतं. "तुम्ही लोक बसथांब्यावर उभे आहात. कुठलीही बस चालेल तुम्हाला."

तिच्या हट्टाला कारण होतं. रज्जाक खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर. मिसबा तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढली. लहानपणापासून तिच्या डाव्या डोळ्याला धड दिसत नव्हतं आणि हे कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, तिच्यासुद्धा. उजव्याने सगळं भागत होतं. शाळेत दरवर्षी नेत्रतपासणी व्हायची. म्हणजे काय, तर मुलांना रांगेत उभं करून कुणीतरी "फळ्यावरचं दिसतं का?" असं विचारायचं, आणि लवकर सुटायचं म्हणून मुलं "हो" म्हणायची. त्या हिशेबाने अख्ख्या शाळेची नजर घारीची होती. दहावीच्या सुट्टीत ती उरुसात बंदुकीने फुगे फोडायला उभी राहिली. नेम धरताना चुकून उजवा डोळा मिटला आणि समोरचे फुगेच गायब झाले.

नेत्रतज्ज्ञ म्हणाले, "आळशी डोळा आहे. लहानपणीच आला असतात, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून हा सुधारता आला असता. आता फारसं काही होणार नाही."

"आळशी माझा डोळा," मिसबा म्हणाली, "आणि दरवर्षी तपासायला यायचे ते?"

कॉलेज संपल्यावर आम्ही काही दिवस शिबिरांना गेलो. एका शिबिरात आयोजकांचं बॅनर एवढं मोठं होतं, की अक्षरांचा तक्ता लावायला भिंतच उरली नाही. शेवटी तो खिडकीच्या गजांना बांधला. मागून ऊन येत होतं. बॅनरवरच्या हसऱ्या चेहऱ्यांखेरीज कुणाला काहीच दिसेना, म्हणून ज्याला त्याला नंबर निघाला. मिसबाने दोरी सोडली, तक्ता काढला आणि घरी निघून आली. आयोजक म्हणाले, मुलगी उद्धट आहे. ते खरंच होतं.

मग तिने एका शोरूममध्ये नोकरी धरली. मालकांचं नाव बद्रीनाथशेठ. काचेचं दार, आत थंडगार, प्रत्येक खांबाला आरसा. तपासणी मोफत. या शोरूममध्ये आलेला माणूस डोळे घेऊन यायचा आणि चष्मा घेऊन जायचा. याला अपवाद नसे. तपासायच्या खोलीत शिरण्याआधीच विक्रेत्याने त्याच्या नाकावर फ्रेम चढवलेली असायची.

एके दिवशी तेजस नावाचा मुलगा आला. हिंजवडीला कामाला जाणारा, डोकं दुखतं म्हणणारा. मिसबाने दोनदा तपासलं. नंबर नव्हता. झोप किती, विचारलं. तर तो लाजला.

शेठ आत डोकावले. "मॅडम, काहीतरी बारीकसा नंबर निघतच असेल."

"निघत नाही."

"मग झिरोचा लावू. काचेवर निळा कोट टाकून. स्क्रीनसाठी."

"शेठ, याला झोप पाहिजे," मिसबा त्या मुलासमोरच म्हणाली. "ती आपल्याकडे कुठल्या काउंटरला मिळते?"

शेठ लाल झाले. पण खरी मजा पुढेच होती. तेजसने आरशात पाहिलं, फ्रेम नीट केली आणि म्हणाला, "नाही मॅम, घेतोच मी. लुक भारी आहे. ऑफिसमध्ये जरा सीरियस वाटतं." आणि घेऊन गेला. मिसबाला शेठचा जेवढा राग आला, त्याहून जास्त त्या मुलाचा आला. दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, आजपासून तुम्ही काउंटरवर उभ्या राहा, हसऱ्या चेहऱ्याने. तिने आपला टॉर्च उचलला आणि बाहेर पडली.

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून आत, एका पिठाच्या गिरणीवर तिला खोली मिळाली. तपासणीला सहा मीटर अंतर लागतं. खोली त्याच्या निम्मी. म्हणून तिने समोर आरसा लावला आणि उलट्या अक्षरांचा तक्ता पेशंटच्या डोक्यामागे टांगला. गिरणी चालू झाली की आरसा थरथरायचा, आणि चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही अक्षरं नाचताना दिसायची. तेवढा वेळ तपासणी बंद. जिन्याशी पाटी: "डोळ्यांची तपासणी. चष्मे विकले जात नाहीत." मी म्हटलं, "दुसरी ओळ कशाला?" ती म्हणाली, "दुसऱ्या ओळीसाठीच तर खोली घेतलीये."

लोक जिना चढून यायचे आणि विचारायचे, "चष्मे कुठे ठेवलेत?" नसतात, म्हटलं की पाटीने फसवल्यासारखा चेहरा करून उतरायचे. तपासणीचे वेगळे पैसे का, यावर एका निवृत्त गृहस्थांनी पाऊण तास वाद घातला आणि तपासून न घेताच गेले. एकाने चष्म्याची ढिली दांडी पुढे केली. "एवढा स्क्रू पिळून द्या." ती म्हणाली, "खाली गिरणीत विचारा, त्यांच्याकडे पाना आहे."

तोवर रज्जाक निवृत्त झाले होते. ते बाहेर स्टुलावर बसायचे आणि आलेल्या एकुलत्या एक पेशंटलासुद्धा "रांगेत या" म्हणायचे. अमिनाबी रोज डबा पाठवायची आणि रोज विचारायची, "आज कोण आलं होतं?" रज्जाक सांगायचे, "गर्दी होती." गर्दी खाली दळणाची होती.

आणि एके दुपारी बद्रीनाथशेठ जिना चढून आले. बरोबर सून आणि सहा वर्षांची नात, राधा.

"सहज आलो," शेठ म्हणाले.

"गिरणीच्या वर सहज कुणी येत नाही. काय झालं?"

सून बोलली. राधा चित्र काढताना मान वाकडी करते, जिन्यावर अडखळते. शोरूमच्या मशिनवर दोनदा तपासलं, काही निघत नाही. शेठ खिडकीबाहेर पाहत होते.

मिसबाने राधाला खुर्चीत बसवलं आणि तिचा उजवा डोळा तळव्याने झाकला. पोरीने झटक्याने हात बाजूला केला. पुन्हा झाकला, ती रडायला लागली. मग डावा झाकला, तर रडणं थांबवून तिने आरशातल्या सगळ्या ओळी धडाधड वाचून दाखवल्या.

"आरडाओरडा करायची काय गरज होती, राधा?" शेठ म्हणाले.

"ती आरडाओरडा करत नव्हती," मिसबा म्हणाली. "मी तिचा दिसणारा डोळा झाकला, म्हणून घाबरली. डाव्याने तिला जवळजवळ दिसतच नाही. मुलं मशिनमध्ये बघताना डोळ्यावर जोर लावतात, मशीन फसतं. त्यासाठी मशिनशेजारी माणूस लागतो. तुमच्याकडे तो काउंटरवर उभा असतो."

तिने त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं. थेंब घालून तपासल्यावर डाव्या डोळ्याला मोठा नंबर निघाला. चष्मा आला आणि रोज काही तास उजव्या डोळ्यावर पट्टी. शेठना रोगापेक्षा पट्टीचा धसका जास्त. "मुलीची जात आहे, लोक काय म्हणतील? आणि शोरूममध्ये कळायला नको कुणाला."

"मी कुणाला सांगणार नाही," मिसबा म्हणाली. "पण पट्टी लावली नाहीत, तर तीच सांगेल. जन्मभर."

राधा पट्टी फाडून फेकायची. मग रज्जाकनी एक पट्टी स्वतःच्या डोळ्याला चिकटवली आणि स्टुलावर साप-शिडीचा पट मांडला. शाळा सुटली की सून पोरीला घेऊन यायची. रज्जाक दर डावाला हरायचे आणि पट्टीमुळे हरलो म्हणायचे. ते पट्टीशिवायही हरतात, हे मला ठाऊक आहे. मिसबा दर महिन्याला तपासायची. आधी फक्त सगळ्यात मोठं अक्षर, मग त्याखालची ओळ, मग आणखी एक. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत राधाचा डावा डोळा तळाच्या ओळीच्या थोडा वर येऊन पोहोचला. त्या दिवशी मिसबा तक्त्याकडे तोंड करून बराच वेळ तो सरळ करत राहिली. तो सरळच होता.

शेठ पेढे घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे या. वेगळी केबिन, सोनेरी अक्षरात नाव. इथे काय ठेवलंय?"

"राधाला तिथेच तपासलं होतंत ना?"

"हो."

"मग माझं नाव लावून काय फरक पडणार?"

शेठनी पेढे मात्र परत नेले नाहीत. महिन्याभरात त्यांच्या शोरूममध्ये "खास बाल-नेत्रविभाग" उघडला: भिंतीवर कार्टून, दारात फुगे, तपासणी मोफत. राधाचं नाव नाही, पट्टीचं नाव नाही. तिथून पोरांच्या नाकावर चष्मे चढू लागले, आणि दिसत नाही ते नाहीच म्हणून त्यातली काही आयांच्या बोटाला धरून गिरणीच्या वर येऊ लागली. धानोरी, कळस, पार येरवड्याकडून. सुनेने गुपचूप आपल्या ओळखीत सांगितलं होतं. घरात तेवढी एकच शहाणी.

गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेले, तर कोपऱ्यात स्टीलचं कपाट आणि त्यात मुलांच्या बारक्या फ्रेम्स. पाटीवरची दुसरी ओळ रंगाने बुजवलेली. मला हसू आवरेना.

"हसून घे," मिसबा म्हणाली. "मी नंबर लिहून द्यायचे आणि लोक कुठूनतरी मोठ्या माणसांच्या फ्रेमा पोरांना लावून आणायचे. भिंगाचा मध्य एकीकडे, बुबुळ दुसरीकडे. चष्मे विकणार नाही म्हणून मी तोऱ्यात बसले होते, आणि माझ्या तोऱ्यापायी पोरं चष्म्याच्या वरून बघत फिरत होती. शेठला नावं ठेवण्यात माझी दोन वर्षं मजेत गेली. पोरांची नाही गेली."

तिला असं स्वतःविरुद्ध बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. पुन्हा ऐकेन असं वाटत नाही.

बाहेर रज्जाक खरोखरच्या रांगेला "रांगेत या" म्हणत होते. मी विचारलं, "काय गं, मनासारखं झालं का सगळं?"

"मनासारखं?" ती भिंग पुसत म्हणाली. "आज सकाळपासून तिघांनी सगळी तपासणी करून घेतली. आणि उठताना विचारलं, डॉक्टर कधी येणार?"

तिने पडदा सरकवला आणि पुढच्या मुलाला आत घेतलं.